शंभरी ओलांडलेली दोन जीवने

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२१ जुलै २०२५ रोजी तिरुवनंतपुरम येथे कॉ. व्ही. एस. अच्युतानंदन यांचे निधन झाले. त्यांनी वयाची १०१ वर्षे पूर्ण केली होती. त्यांचे पार्थिव अलप्पुळा येथे नेण्यात आले, तेव्हा सुमारे दीडशे किलोमीटरच्या त्या वाटेला बावीस तासांच्या आसपास वेळ लागला. भर पावसात, मध्यरात्री आणि पहाटे, गावोगावचे लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे होते. मुख्यमंत्रिपदावरून उतरून त्यांना चौदा वर्षे झाली होती. २०१९ च्या ऑक्टोबरात झालेल्या पक्षाघातानंतर ते लोकांच्या दृष्टीसही फारसे पडले नव्हते. ज्यांच्याकडून कसलीही शिफारस वा मेहेरबानी मिळण्याची शक्यता उरली नव्हती, अशा एका वृद्धासाठी ही गर्दी लोटली होती.

त्यापूर्वी वीस महिने, १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, चेन्नई येथे कॉ. एन. शंकरय्या यांचे निधन झाले. तेही १०१ वर्षांचे होते. ११ एप्रिल १९६४ रोजी दिल्ली येथे संयुक्त कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून जे ३२ सभासद बाहेर पडले, त्यांपैकी हे दोघेच शेवटी हयात राहिले होते. कॉ. सुंदरय्या, कॉ. नंबुद्रिपाद, कॉ. ए. के. गोपालन, कॉ. ज्योती बसू, कॉ. सुरजीत, कॉ. प्रमोद दासगुप्ता, कॉ. बसवपुन्नय्या, कॉ. राममूर्ती यांच्यासह घडवलेल्या त्या पिढीचा अखेरचा दुवा अच्युतानंदन यांच्या निधनाने निखळला.

श्रद्धांजलीची भाषणे पुष्कळ झाली आहेत. त्यांत आणखी एकीची भर घालण्यापेक्षा, या दोन दीर्घ जीवनांच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करावा, अशी माझी इच्छा आहे. राजकारणात काम करणाऱ्या माणसाने वृद्ध कसे व्हावे? आयुष्याच्या उत्तरार्धात त्याच्या हातून कोणते कार्य होऊ शकते? आणि ज्या संघटनेला त्याने आपले आयुष्य दिले, तिने त्याच्या वार्धक्याचे काय करावे? हा प्रश्न कोणाला भावनेचा वाटेल. वस्तुतः तो संघटनेचा आणि वर्गीय राजकारणाचा प्रश्न आहे.

खुर्ची आणि वय

भांडवलदारी पक्षांत वयाचा प्रश्न कसा सुटतो, हे प्रथम पाहू. मोरारजी देसाई मार्च १९७७ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. वयाच्या ८१ व्या वर्षी पंतप्रधान होण्यात स्वतःहून गैर असे काही नाही. प्रश्न वयाच्या आकड्याचा नसून त्या पक्षांतील सत्तेच्या स्वरूपाचा आहे. जेथे राजकारण म्हणजे उमेदवाऱ्या, ठेके, परवाने आणि बदल्या यांचे वाटप, तेथे नेत्याची किंमत त्याच्या वाटप करण्याच्या शक्तीवर ठरते. ती शक्ती संपली की दिवाणखाना ओस पडतो. म्हणून तेथील वृद्ध नेता खुर्चीला धरून बसतो. धरवेनाशी झाली की ती मुलाच्या, सुनेच्या वा पुतण्याच्या हाती देऊन जातो. महाराष्ट्रात सहकारी कारखान्यापासून विधानसभेपर्यंत ही परंपरा आपण पाहत आलो आहोत. तिची उदाहरणे देत बसण्याची गरज नाही.

याच राजकारणाची दुसरी रीत म्हणजे अडगळ. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाने आपल्या ज्येष्ठ नेत्यांना संसदीय मंडळातून काढून ‘मार्गदर्शक मंडळ’ अशा भारदस्त नावाच्या दालनात नेऊन बसवले. अडवाणी आणि मुरली मनोहर जोशी यांच्या विचारांशी आपले हाडवैर आहे. तथापि, ज्यांनी पक्ष उभारला त्यांना सत्ता येताच असे बाजूला सारण्यात त्या पक्षाची जी संस्कृती दिसली, ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. या मंडळाचे मार्गदर्शन पुढे किती वेळा घेण्यात आले, याचा हिशेब त्या पक्षानेच द्यावा.

आणि भांडवलदारी वृत्तपत्रे? त्यांना वृद्ध नेत्याच्या आयुष्यात रस असतो तो त्याच्या न्याहारीपुरता. अच्युतानंदन यांच्या सकाळच्या फेरफटक्याची, योगासनांची आणि मोजक्या आहाराची वर्णने त्यांनी आवडीने छापली. तो माणूस कशासाठी जगला, हे सांगण्यास मात्र त्यांना जागा कमी पडली. आपण तेच पाहू.

न मिळालेल्या दोन पदव्या

कॉ. शंकरय्या यांचा जन्म १५ जुलै १९२२ चा. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजात ते इतिहासाचे विद्यार्थी होते आणि विद्यार्थी चळवळीत अग्रभागी होते. १९४१ मध्ये, बी. ए. ची अंतिम परीक्षा अवघ्या पंधरा दिवसांवर आली असताना, ब्रिटिश सरकारने त्यांना अटक केली. अठरा महिने ते तुरुंगात होते. परीक्षा राहिली ती कायमची. पुढे मदुराई कट खटल्यात ते पुन्हा तुरुंगात गेले आणि १४ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, सुटले. ब्रिटिश आणि काँग्रेस या दोन्ही राजवटींत मिळून त्यांनी आठ वर्षे कारावास भोगला. १९६७ मध्ये, आणि पुन्हा १९७७ व १९८० मध्ये ते मदुराईतून विधानसभेवर निवडून आले. १९९५ ते २००२ या काळात ते पक्षाचे तामिळनाडू राज्य सचिव होते. म्हणजे ही जबाबदारी त्यांनी वयाच्या सत्तरीनंतर स्वीकारली आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्यांच्या हाती सोपवली.

२०२१ मध्ये ते शंभराव्या वर्षात पदार्पण करीत असताना तामिळनाडू सरकारने ‘तगैसाल तमिळर’ हा नवा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान त्यांना दिला. पुरस्काराची रक्कम दहा लाख रुपये होती. कोरोनाच्या साथीचे दिवस होते. शंकरय्यांनी ती सर्व रक्कम मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीस देऊन टाकली.

दोन वर्षांनी मदुराई कामराज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देण्याचे ठरवले. ज्या विद्यार्थ्याची पदवी परकीय सरकारने हिरावून घेतली होती, त्याला त्याच्याच शहरातील विद्यापीठ ८२ वर्षांनी पदवी देणार होते. विद्यापीठाचे कुलपती या नात्याने राज्यपाल आर. एन. रवी यांची संमती आवश्यक होती. ती त्यांनी दिली नाही. २ नोव्हेंबर २०२३ रोजी विद्यापीठाचा पदवीदान समारंभ शंकरय्यांच्या नावाविना झाला. राज्याच्या उच्चशिक्षण मंत्र्यांनी त्यावर बहिष्कार टाकला. त्यानंतर तेरा दिवसांनी शंकरय्या गेले.

कॉम्रेड्स, १९४१ मध्ये पदवी अडवणारी राजवट आणि २०२३ मध्ये पदवी अडवणारी सही यांमध्ये ८२ वर्षांचे अंतर आहे. शंभरी गाठलेल्या, हिंडण्याफिरण्याची शक्ती ओसरलेल्या एका माणसाचा सन्मान करण्यासही राज्यकर्त्या वर्गाचा प्रतिनिधी कचरतो, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की, त्या माणसाने ज्या विचारासाठी तुरुंग पत्करला, तो विचार त्यांच्या दृष्टीने अद्याप वृद्ध झालेला नाही.

कुट्टनाडपासून मुख्यमंत्रिपदापर्यंत

अच्युतानंदन यांचा जन्म २० ऑक्टोबर १९२३ रोजी अलप्पुळाजवळील पुन्नप्रा या गावी झाला. आईबाप लहानपणीच गेले. सातवीनंतर शाळा सुटली. प्रथम थोरल्या भावाच्या शिवणकामाच्या दुकानात आणि नंतर काथ्याच्या कारखान्यात त्यांनी काम केले. १९४० मध्ये ते पक्षाचे सभासद झाले. केरळमधील पक्षाचे संस्थापक कॉ. पी. कृष्ण पिळ्ळै यांनी या कोवळ्या कामगाराला पारखले आणि कुट्टनाडच्या पाणथळ भातखाचरांत शेतमजुरांची संघटना बांधण्यास पाठवले. १९४६ च्या पुन्नप्रा-वायलारच्या लढ्यानंतर पोलिसांनी त्यांना पकडले. पूंजारच्या कोठडीत त्यांचा अमानुष छळ झाला. पायात संगीन खुपसण्यात आली.

हे सारे आपण वाचलेले आहे. आज मला त्यांच्या उत्तरायुष्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. १९९६ च्या विधानसभा निवडणुकीत डावी लोकशाही आघाडी राज्यभर विजयी झाली, आणि अच्युतानंदन स्वतः मारारिकुळममध्ये १,९६५ मतांनी पराभूत झाले. त्यांचे वय तेव्हा ७२ होते. आघाडी सत्तेवर आणि आपण घरी, अशा वेळी भांडवलदारी पक्षातील नेता एक तर पक्ष फोडतो, नाही तर आत्मचरित्र लिहावयास घेतो. अच्युतानंदन पुन्हा भातखाचरांत गेले. भातशेतीची जमीन बुजवून ती अन्य पिकांकडे वा बांधकामाकडे वळवण्याविरुद्ध शेतमजूर युनियनने जे आंदोलन केले, त्याचे नेतृत्व त्यांनी केले. त्या आंदोलनावर त्या वेळी वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली.

२००१ ते २००६ या काळात ते विरोधी पक्षनेते होते. ऐंशीच्या आसपासचा हा माणूस मतिकेट्टानच्या जंगलातील अतिक्रमणे पाहण्यास डोंगर चढून गेला. प्लाचीमडा येथे शीतपेयाच्या कारखान्याने भूजल उपसल्याविरुद्ध आदिवासी आणि शेतकरी लढत होते, त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. १८ मे २००६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी ते केरळचे मुख्यमंत्री झाले. इतक्या वयात हे पद प्रथम स्वीकारणारा नेता त्या राज्याने पूर्वी पाहिला नव्हता. आणि २००८ मध्ये त्यांच्याच सरकारने भातजमीन व पाणथळ जमीन संरक्षणाचा कायदा केला. दहा वर्षांपूर्वी ज्या मागणीची कुचेष्टा झाली होती, ती कायद्याच्या पुस्तकात गेली. उतारवयात गाठलेला टप्पा असे ज्यास म्हणावे, तो हा होय. मुख्यमंत्रिपदाची शपथ हा त्या वाटेवरील केवळ एक मुक्काम होता.

त्यांच्या वाटेवर फुले अंथरलेली होती असे नाही. पक्षाशी त्यांचे मतभेद झाले, आणि ते उघड्यावरही आले. २००६ ची उमेदवारीसुद्धा प्रथम नाकारण्यात आली होती आणि नंतर तो निर्णय बदलण्यात आला. २००९ मध्ये, ते मुख्यमंत्री असतानाच, शिस्तभंगाबद्दल त्यांना पॉलिट ब्युरोतून कमी करण्यात आले. त्या प्रत्येक वादात कोणाचे किती बरोबर होते, याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. मुद्दा असा की, ८५ वर्षांच्या आणि अफाट लोकप्रियता असलेल्या नेत्याने ही कारवाई पचवली आणि पक्षाचा झेंडा खाली ठेवला नाही. २०११ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आघाडीला १४० पैकी ६८ जागा मिळाल्या. सत्ता चार जागांच्या अंतराने गेली. २०१६ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी ते राज्यभर प्रचारास हिंडले, मलंपुळामधून पुन्हा निवडून आले, आणि मुख्यमंत्रिपद दुसऱ्याकडे गेले असता प्रशासकीय सुधारणा आयोगाचे काम त्यांनी स्वीकारले. जानेवारी २०२१ पर्यंत ते या आयोगाचे अध्यक्ष होते.

पद आणि काम

या दोन्ही जीवनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. यांनी पद आणि काम यांची गल्लत केली नाही. पद येते, जाते. ते देणे आणि काढून घेणे हा संघटनेचा अधिकार आहे. काम मात्र माणसाजवळ राहते. आपल्या चळवळीत ही परंपरा जुनी आहे. मार्क्सच्या मृत्यूनंतर एंगल्सने आपले स्वतःचे संशोधन बाजूस ठेवले आणि मित्राची दुर्बोध हस्तलिखिते उलगडत ‘भांडवल’ या ग्रंथाचा दुसरा खंड १८८५ मध्ये व तिसरा १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. तिसऱ्या खंडाच्या वेळी तो ७४ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो गेला. दुसऱ्याच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथासाठी त्याने आयुष्याची शेवटची वर्षे वेचली.

कॉ. नंबुद्रिपाद १९९२ मध्ये सरचिटणीसपदावरून मुक्त झाले, केरळात परतले आणि १९ मार्च १९९८ रोजी मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. कॉ. ज्योती बसू यांनी २३ वर्षांहून अधिक काळ पश्चिम बंगालचे मुख्यमंत्रिपद सांभाळून ६ नोव्हेंबर २००० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते आपण होऊन सोडले. तत्पूर्वी १९९६ मध्ये त्यांना पंतप्रधानपद देऊ केले गेले होते. केंद्रीय समितीने सरकारात न जाण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय ही मोठी राजकीय चूक होती असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी लपवले नाही. पण निर्णय पाळला. देशाचे सर्वोच्च कार्यकारी पद समितीच्या बहुमतापुढे खाली ठेवणारा दुसरा नेता भारताच्या संसदीय इतिहासात शोधून काढावा लागेल.

स्त्री कॉम्रेड्सचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आझाद हिंद फौजेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल २००२ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, डाव्या पक्षांच्या वतीने राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढल्या. पराभव निश्चित होता. जातीयवादी सरकारच्या उमेदवारास बिनविरोध जाऊ द्यायचे नाही, एवढाच निर्धार होता. ती निवडणूक संपवून त्या कानपूरला आपल्या दवाखान्यात परतल्या आणि गरीब रुग्णांना तपासत राहिल्या. आपल्या महाराष्ट्रात, वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या कॉ. गोदावरी परुळेकर १९८६ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

आता एका अवघड मुद्द्याकडे वळतो. तो टाळणे सोयीचे असले तरी योग्य नव्हे.

एप्रिल २०२२ मध्ये कन्नूर येथे भरलेल्या २३ व्या अधिवेशनापासून आपल्या पक्षाने केंद्रीय समितीसाठी ७५ वर्षांची वयोमर्यादा अमलात आणली. एप्रिल २०२५ मध्ये २४ वे अधिवेशन मदुराई येथे, म्हणजे शंकरय्यांच्याच शहरात झाले, तेव्हा प्रकाश करात, वृंदा करात, माणिक सरकार, सूर्यकांत मिश्र, सुभाषिनी अली यांसारखे ज्येष्ठ कॉम्रेड पॉलिट ब्युरोतून मोकळे झाले. यावर काही कार्यकर्ते विचारतात: हाच नियम पूर्वी असता तर? कॉ. सुरजीत १९९२ मध्ये सरचिटणीस झाले, ते वयाच्या ७६ व्या वर्षात. अच्युतानंदन यांनी राज्यकारभार हाती घेतला तो ८२ व्या वर्षी. गोदावरीबाई किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या वयात आज आपण त्यांना निवृत्त म्हटले असते. ज्यांच्या उत्तरायुष्याचा आपण गौरव करतो, त्यांचेच जीवन या नियमाविरुद्ध साक्ष देत नाही काय?

आक्षेप प्रामाणिक आहे, आणि कर्तृत्व वयाच्या आकड्याने मापता येत नाही, एवढे त्यात खरेही आहे. म्हणूनच क्वचित अपवाद करण्याची सोय पक्षाने ठेवली, आणि तिचा उपयोगही केला. परंतु या जीवनांची पूर्ण साक्ष ऐकून घ्यावयाची असेल, तर त्यांच्या शेवटच्या पानाबरोबर पहिले पानही वाचले पाहिजे.

अच्युतानंदन ८२ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, हे खरे. पण ते कुट्टनाडमध्ये गेले तेव्हा विशीच्या आसपास होते. त्यांना तेथे पाठवणारे कृष्ण पिळ्ळै स्वतः तिशीत होते. १९४८ मध्ये सर्पदंशाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ होते. १९६४ च्या त्या ऐतिहासिक दिवशी राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडताना अच्युतानंदन ४० वर्षांचे आणि शंकरय्या ४१ वर्षांचे होते. त्यांच्याच बरोबर ७४ वर्षांचे कॉ. मुझफ्फर अहमदही बाहेर पडले. म्हणजे चाळिशीतील माणसे पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वात बसलेली होती, आणि ज्येष्ठ मंडळी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. शंभर वर्षांचे हे वृक्ष उभे राहिले, कारण एका तरुण पक्षाने त्यांना वेळीच जमीन दिली.

आज आपण स्वतःला विचारले पाहिजे: विशीतल्या कामगाराला एखादा सबंध तालुका सोपवून देण्याचे धाडस आपल्या किती जिल्हा समित्या करतात? जिथे सभेत सतरंजी घालणे आणि ध्वनिक्षेपक आणणे एवढेच काम तरुण कार्यकर्त्यास दहा दहा वर्षे दिले जाते, तिथून २०८० साली कोणता शंकरय्या निघणार आहे? वयोमर्यादेचे प्रयोजन वृद्धांना घालवणे हे नाही. तरुणांना जबाबदारी देणे भाग पाडावे, यासाठी ती आहे. वरची खुर्ची रिकामी झाली आणि खालून चढणारे कोणी नसले, तर नियम पाळला गेला पण हेतू फसला, असेच म्हणावे लागेल. आणि उलट बाजूने, नियमाचा आधार घेऊन ज्येष्ठ कॉम्रेडला बैठकीचे निमंत्रण बंद झाले, त्याचे काम काढून घेतले गेले, तर आपण ‘मार्गदर्शक मंडळ’वाल्यांच्याच वाटेने चाललो, असे समजावे.

वार्धक्य कोणाचे?

आणखी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रतिष्ठेने वृद्ध होण्याचा अधिकार या देशात कोणाला आहे?

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून माजी खासदारांचे किमान निवृत्तिवेतन दरमहा २५,००० रुपयांवरून ३१,००० रुपये केले, आणि तेही एप्रिल २०२३ पासून लागू केले. कारखान्यात हयात घालवलेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली मिळणारे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले. पुढची दहा वर्षे त्यात एका रुपयाचीही वाढ झाली नाही. दारिद्र्यरेषेखालील साठीच्या पुढच्या वृद्धाला राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्र सरकार देते ते दरमहा २०० रुपये, आणि तो ऐंशी वर्षे जगला तर ५०० रुपये. विड्या वळून जिची बोटे वाकली ती सोलापूरची कामगार स्त्री, १९८२ च्या संपानंतर कायमचा घरी बसलेला मुंबईचा गिरणी कामगार, मराठवाड्यातील ऊसतोड मजूर, यांच्या वार्धक्याची किंमत राज्यकर्त्या वर्गाने अशी ठरवली आहे.

याच्या उलट एक उदाहरण देतो. १९८० मध्ये केरळात कॉ. ई. के. नायनार यांचे सरकार आले. नायनार हेही १९६४ च्या ३२ जणांपैकी एक. आणि त्याच वर्षी अच्युतानंदन पक्षाचे राज्य सचिव झाले. त्या सरकारने शेतमजुरांसाठी दरमहा ४५ रुपयांचे निवृत्तिवेतन सुरू केले. रक्कम लहान होती, आणि पुढे ती अनेक पटींनी वाढली. परंतु ज्याच्याजवळ ना जमीन, ना नोकरी, अशा मजुराने समाजासाठी आयुष्यभर श्रम केले आहेत आणि म्हातारपणी त्याला त्याचा हक्काचा वाटा मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्या ४५ रुपयांनी मान्य करून घेतले. चाळीसच्या दशकात कुट्टनाडच्या चिखलात ज्या मजुरांना अच्युतानंदन यांनी प्रथम संघटित केले, ते १९८० मध्ये म्हातारे होऊ लागले होते. नेत्याचे वार्धक्य आणि त्याच्या वर्गाचे वार्धक्य येथे एकमेकांपासून तुटलेले नाही. ज्या नेत्याचा उतारवयाचा मान वाढत जातो आणि ज्याच्या अनुयायांचे म्हातारपण उपाशी राहते, त्याच्या दीर्घायुष्याचे कौतुक आपण कशासाठी करावे?

आपल्यापुढील कामे

सबब, या दोन जीवनांचे स्मरण करावयाचे असेल, तर ते तसबिरीला हार घालून संपू नये. काही कामे तातडीने हाती घेण्यासारखी आहेत.

पहिले काम असे की, प्रत्येक जिल्ह्यातील ज्येष्ठ कॉम्रेड्सच्या आठवणी लिहून घ्याव्यात. तेलंगण, वारली, गोवा मुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, आणीबाणी, गिरणी संप, या लढ्यांचा इतिहास सरकारी दफ्तरात पोलिसांच्या भाषेत नोंदलेला आहे. आपल्या भाषेतला इतिहास माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

दुसरे काम असे की, समितीतून मोकळ्या झालेल्या प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला निश्चित काम नेमून द्यावे. अभ्यासवर्ग घेणे, भाषांतर करणे, वाचनालय चालवणे, कायदेशीर दाव्यांत सल्ला देणे, अशा कामांची उणीव नाही. तसेच ज्यांनी सारी हयात पूर्णवेळ काम केले आणि ज्यांच्या गाठीशी काही नाही, त्यांच्या औषधपाण्याची जबाबदारी समितीने घ्यावी. ती कोणा एकाच्या दयेवर सोडू नये.

तिसरे, येत्या प्रत्येक परिषदेत तिशीच्या आतील किती कार्यकर्त्यांकडे स्वतंत्र जबाबदारी दिली, याचा अहवाल मागावा. नावे वाढवू नयेत. अधिकार द्यावेत, चुका होऊ द्याव्यात, आणि सुधारण्यास वेळ द्यावा.

चौथे, निवृत्तिवेतनाचा लढा हा केवळ निवृत्तांच्या संघटनेचा आहे, असे समजू नये. आज पंचविशीत असलेला कंत्राटी कामगार आणि घरोघर अन्न पोहोचवणारा तरुण उद्या साठीचे होणार आहेत, आणि त्यांच्यासाठी तर १,००० रुपयांचीही तरतूद नाही. तरुणांनी हा लढा आपला म्हणून लढवावा.

कॉम्रेड्स, १९६४ मध्ये त्या ३२ जणांपैकी कोणालाही आपण किती वर्षे जगणार हे ठाऊक नव्हते. आपण कोणत्या बाजूस उभे राहणार, एवढे त्यांनी ठरवले होते. काही जण लवकर गेले, काही तुरुंगवासाने खंगले, दोघांनी शंभरी ओलांडली. त्यांनी उचललेले काम अपुरे आहे, आणि ते आता या सभागृहात बसलेल्या, विशीतिशीतल्या कॉम्रेड्सच्या हाती आले आहे. त्यांनी ते हाती घ्यावे, आणि आमच्यासारख्यांनी ते त्यांच्या हाती देताना हात आखडता घेऊ नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.

लाल सलाम!